बारा चौकटी

सत्तारभाई भाचीच्या निकाहला सेलूला गेले,
केबिनची किल्ली माझ्या करदोड्याला बांधून.
मी सोळा वर्षांचा. मानवतचा बाजार.
दुपारचा खेळ, पडद्याआड बायकांच्या बाजूला
बूड टेकायला जागा नाही.
जिनिंगच्या बाया, भुवयांवर कापसाची पिंजर,
सगळ्या सातव्या रिळासाठी आलेल्या.

सातव्या रिळात बिंबाबाई गहू निवडत बसते.
बस, एवढंच.
बाग नाही, झोका नाही, चांदणं नाही.
मांडीवर सूप, आणि ती गाते
घरात कुणी नसताना गातात तसं.
खडा सापडला की गाणं अडतं,
खडा बाजूला पडतो, टिच्,
की गाणं पुढे.
म्हणे दिग्दर्शक ओरडला होता, गाण्यात खडे कशाला?
ती म्हणाली, गहू खरे आणलेत ना?
(हे सत्तारभाईंचं. त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.)

पहिल्याच खेळाला तिचा अंगठा बघून
सुगलाबाई म्हणाली होती,
"हिनं खरंच पाखडलंय, माय. नुसती नटवी न्हाई."

शेवटच्या ओळीआधी ती मान वर करते.
अख्ख्या सिनेमात एकदाच
सरळ आपल्याकडं बघते, श्वास घेते,
मग तो सूर.
फार उंच नव्हता.
पण जिनच्या धुळीनं रात्रंदिवस खोकणाऱ्या बाया
तेवढ्यापुरता खोकला धरून ठेवायच्या.

त्या दिवशी नेमकं तिथंच रीळ अडकलं.
पडद्यावर, श्वास घेतलेल्या त्या कपाळावर
तपकिरी फोड आला, पसरला.
खालून शिट्ट्या, बाकडी बडवणं.
जळली होती एकच चौकट.
मी घाबरून बारा कापल्या,
थरथरत्या पात्यानं, सिमेंट लावून जोडलं,
म्हटलं, श्वासच तर गेला,
श्वासाला कोण विचारतो.

पुढच्या बाजाराला तिनं मान वर केली
आणि ठक्.
श्वास नाही, आणि सुराच्या जागी भोक.
अर्धा सेकंद असेल. मला विहीर दिसली.

तेवढ्यात पडद्याआडून
सुगलाबाईनं तो सूर उचलला.
मागोमाग सात-आठ जणींनी.
खरबरीत, सरकीची धूळ बसलेला.
खालून बिंबाबाईचा आवाज वर आला
तशी त्यांनी सोडून दिला,
एकीच्या डोक्यावरची घागर
दुसरीनं उतरून घ्यावी, इतक्या सहज.
पुढच्या बाकड्यावरच्या पोरांना वाटलं
गाणं असंच आहे.

सत्तारभाईंनी जोडावरून नख फिरवलं.
मारतील म्हणून मी कान झाकले.
"टुकडा किधर है?"
झर्द्याच्या डबीतून काढून दिला.
त्यांनी उजेडात धरला, परत केला.
"फेकना नक्को. इसमें आवाज है उसकी."
मग सांगितलं:
फिल्लमवर आवाज चित्राच्या हातभर पुढं चालतो.
तोंड जिथं नुसतं उघडतंय
तिथंच कडेला लिहिलेला असतो
अजून न गायलेला सूर.

ती प्रिंट पुढं पाथरीला गेली, जिंतूरला गेली.
तिथं ते भोक कुणी भरलं, मला माहीत नाही.
टॉकीजच्या जागी आता खताचं गोदाम आहे.

परवा नातवानं मोबाइलवर अख्खं गाणं लावलं.
धुऊन पुसून लख्ख केलेलं.
तिनं मान वर केली, श्वास घेतला,
सूर आला, पुरा, बिनजोडाचा.
मी मात्र कान दुसरीकडं लावून बसलो होतो.
"आजोबा, आवडलं नाही का?"
"चांगलंय की," म्हटलं.

तो गेल्यावर डबी उघडली.
खिडकीशी धरल्या बाराच्या बारा:
बारा वेळा तीच, तोंड अर्धं उघडं,
आणि कानाशी ती नागमोडी रेघ,
पातळाच्या काठासारखी.
रेघेवरून हळूच नख ओढलं.

टिच्.

सुपातून खडा बाजूला पडावा, तेवढंच.